बाईसाहेबांची नजर

१

आमच्या प्रयोगशाळेत येणारा माणूस आधी बाईसाहेबांना नमस्कार करतो आणि मग अंगावर पांढरा कोट चढवतो. बाईसाहेब म्हणजे मेंढी. इमारतीच्या मागे, तारेच्या कुंपणात तिचं राज्य आहे. एक छप्पर, पाण्याचा हौद, निलगिरीची सावली आणि संपता न संपणारं गवत. उरुग्वेत माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, पण एवढा मान मिळालेली ही एकटीच असावी. काम म्हणाल तर अधूनमधून मानेच्या शिरेतून थोडं रक्त द्यायचं आणि मूठभर ओट खायचे.

त्या रक्ताच्या आम्ही प्लेटी करतो. मागच्या खोलीला सगळे स्वयंपाकघरच म्हणतात. तिथे दोन्या एतेल्विना, दोन्या म्हणजे आमच्याकडे 'बाई', मोठ्या पातेल्यात शेवाळाची जेली शिजवतात, ती कोमट झाली की तिच्यात बाईसाहेबांचं रक्त मिसळतात आणि तळहाताएवढ्या बश्यांमध्ये ओततात. थिजली की प्लेट लालभडक होते, आरपार काही दिसत नाही. जंतूंना हे पंचपक्वान्नांचं ताट. दुसरीकडे कुठे न उगवणारेसुद्धा तिच्यावर उगवतात, आणि काही तर भोवतालचं रक्त फोडून तेवढी जेली काचेसारखी स्वच्छ करून टाकतात.

मी निबिया ओलास्कोआगा. गुरांची लस बाहेर पडायच्या आधी तिच्यावर शेवटची सही माझी असते. त्या वसंतात आमच्याकडे फऱ्या रोगाच्या लसीची मोठी बॅच तयार झाली होती. फऱ्याची लस मारलेल्या जंतूंची असते. तिच्यात जिवंत काहीही असता कामा नये. म्हणून तिचे थेंब रक्ताच्या प्लेटींवर पसरायचे, प्लेटी इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायच्या आणि वाट बघायची. काही उगवलं तर बॅच भट्टीत. या प्लेटींच्या जोडीला एक अशी ठेवायची की जिच्यात काहीच घालायचं नाही, जिचं झाकणही उघडायचं नाही. तिला कंट्रोल म्हणतात. ती कोरी राहिली तर चाचणी खरी. तिच्यातच काही उगवलं तर दोष लसीचा नाही, आपल्या हातांचा. चाचणी रद्द करायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

नियम साधा आहे, आणि साध्या नियमांवर माझा फार विश्वास. देवळात न जाणारी बाई म्हणून गावात माझी ख्याती आहे ती उगीच नाही.

त्याच वसंतात बाईसाहेबांची दृष्टी गेली. दोन्ही डोळ्यांवर निळसर साय धरली. मी तपासलं, औषध घातलं, उपयोग झाला नाही. म्हातारपण, दुसरं काय.

"मॅनेजर म्हणतोय, आता हिला शेगडीवर चढवा आणि नवी आणा," दोन्या एतेल्विना ओटाची मूठ तिच्या तोंडाशी धरत म्हणाल्या. "मी म्हटलं, रक्त डोळ्यांतून काढतो का रे आपण? तुलाही चष्मा लागलाय, तुला चढवलं का कोणी?"

"तुम्ही असं म्हणालात?"

"मनात म्हणाले. पण मोठ्यांदा."

२

त्या सकाळी मी प्लेटी वाचायला इन्क्युबेटर उघडला तेव्हा लसीच्या सगळ्या प्लेटी कोऱ्या होत्या. एक ठिपका नाही. मला बरं वाटलं. मग सवयीने कंट्रोल उचलली आणि खिडकीशी धरली.

लाल जेलीच्या आत एक स्वच्छ, लांबट डाग होता. आडवा, दोन्ही टोकांना गोलसर, माझ्या करंगळीच्या पेराएवढा. त्यातून बाहेरचं आभाळ दिसत होतं. असे डाग मी आयुष्यभर पाहत आले, पण त्यांच्या मधोमध रक्त फोडणाऱ्या जंतूंचा ठिपका असतो. इथे ठिपकाच नव्हता. कोणी नव्हतंच, आणि रक्त मात्र बाजूला झालं होतं.

"दोन्या एतेल्विना, बशी नीट उकळली नव्हती का?"

"माझ्या आईच्या कबरीवर जेवढं पाणी ओतलं नाही तेवढं त्या बश्यांवर ओतते मी," त्या आतून ओरडल्या. "तूच शिंकली असशील."

बाहेर व्हरांड्यात यामांदू लारराल्दे येर्बाच्या पाल्याचा पोखरलेला भोपळा गरम पाण्याने भरत बसला होता. लस बनवण्याचं खातं त्याच्याकडे. आम्ही पशुवैद्यकीला एका वर्गात होतो, आणि तेव्हापासून मला चिडवणं हा त्याचा धर्म आहे. आमच्याकडे सगळ्यांना एकाच भोपळ्यातून, एकाच नळीने तो कडू रस प्यायचा असतो. एकाने भरायचा, दुसऱ्याने रिकामा करून परत द्यायचा. परत देताना 'आभार' म्हणायचं नाही. म्हटलं की त्याचा अर्थ, मला पुरे, आता मला देऊ नकोस.

"झाली का सही, डॉक्टरीणबाई?" त्याने भोपळा पुढे केला.

"कंट्रोलमध्ये उगवलंय. चाचणी रद्द."

तो हसला नाही. त्याची आई यी नदीपलीकडे एकटी गुरं सांभाळते. तिच्या शेतावर फऱ्या शिरला होता. धष्टपुष्ट वासरू सकाळी लंगडतं, मांडी सुजते, दाबली की कातडीखाली चरचर आवाज येतो आणि संध्याकाळी ते मेलेलं असतं. आणि हा रोग रोडक्यांना सोडून गुटगुटीत वासरंच नेतो.

"आईने काल अजून दोन पुरली," तो म्हणाला. "तिने फावडं हातातून खाली ठेवलेलं नाही, निबिया. गावातल्या दुकानात लस संपली. सगळा जिल्हा या बॅचची वाट बघतोय. लसीच्या प्लेटींवर काही आलं?"

"नाही."

"मग?"

"मग नियम."

"नियमाला वासरं नसतात ना," तो म्हणाला आणि भोपळा परत घेतला. मी 'आभार' म्हटलं नव्हतं, तरी त्याने पुन्हा भरून दिला नाही.

३

दुसऱ्यांदा मी सगळं स्वतः केलं. बश्या स्वतः उकळल्या, जेली स्वतः ओतली, आणि एकीऐवजी कंट्रोलचा चांगला थोरला ढीग ठेवला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

लसीच्या प्लेटी पुन्हा कोऱ्या. आणि प्रत्येक कंट्रोलमध्ये तो लांबट डाग.

मी एक उचलून खिडकीशी धरली. डाग आडवा होता, खाली दिसणाऱ्या नदीच्या रेघेला समांतर. बशीच्या पाठीवर मी लिहिलेला बॅचचा नंबर मात्र तिरका आला होता. नंबर सरळ वाचावा म्हणून मी बशी हातात फिरवली. नंबर सरळ झाला. डाग जिथल्या तिथे आडवाच राहिला.

मला वाटलं, नजरेचा खेळ. मी बशी अजून फिरवली, अगदी हळू, गाडीचं चाक फिरवावं तशी. पाठीवरचे आकडे वर गेले, उलटे झाले, खाली आले. लाल जेली त्यांच्याबरोबर फिरत होती, तिच्यातला हवेचा एक बारीक बुडबुडाही फिरत होता. डाग हलला नाही. सगळी प्लेट त्याच्याभोवती फिरली आणि तो जमिनीशी समांतर, शांत, आडवा.

खरं सांगायचं तर मला कशाचीच आठवण राहिली नाही, ना सहीची, ना वासरांची. लहानपणी वडिलांनी दुर्बिणीतून चंद्र दाखवला होता तेव्हा श्वास असाच अडकला होता. खोलीत फ्रिजची घरघर होती, नळ ठिबकत होता, स्वयंपाकघरात दोन्या एतेल्विना रेडिओला उलट उत्तरं देत होत्या. आणि माझ्या चिमटीत ते होतं. मी कुजबुजले, "काय आहेस तू?" मग आपण बशीशी बोलतोय हे लक्षात येऊन मला लाज वाटली.

४

लाज वाटली की मी कामाला लागते. जेलीखाली पाणी साठलं असेल. पाणी सपाटी शोधणारच, गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा शोधतो तशी. मी निर्जंतुक सुई खुपसून पाहिली. पाणी नव्हतं. जेली घट्ट होती, सुईच्या टोकाला लागली ती नुसती रंग नसलेली जेली. सूक्ष्मदर्शकाखाली धरली, काही नाही. दुसऱ्या प्लेटीवर वाढवून पाहिली, काही वाढलं नाही.

त्यात आणखी एक भर पडली. प्लेटी टेबलावर आडव्या ठेवल्या की डाग मधोमध राहत नसत. हळूहळू सरकत एका काठाला जाऊन टेकत. सगळे एकाच बाजूच्या काठाला. मी बश्या फिरवून ठेवल्या आणि हात धुऊन आले, तर ते पुन्हा त्याच बाजूला. त्या बाजूला भिंत होती, आणि भिंतीपलीकडे थंड खोली, जिथे बॅचच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या.

"दोन्या एतेल्विना, जरा इकडे या. काय दिसतं?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बश्या एकेक करून पाहिल्या आणि मागच्या दाराकडे मान वळवली.

"बाईसाहेबसुद्धा तशाच उभ्या आहेत," त्या म्हणाल्या.

"कशा?"

"या भिंतीकडे तोंड करून. सकाळपासून चरल्या नाहीत. पाय आपटतायत."

आम्ही मागे गेलो. बाईसाहेब निलगिरीखाली उभी होती, आंधळा चेहरा थंड खोलीच्या भिंतीकडे. कान ताठ. पुढचा उजवा पाय उचलायची आणि जमिनीवर आपटायची. थांबायची. पुन्हा आपटायची. मेंढरात वाढलेल्या कोणालाही हे कळतं. कोल्हा दिसला, परकं कुत्रं दिसलं की मेंढी असा पाय आपटून कळपाला सांगते, जपा. बाईसाहेबांना कळप नव्हता. आम्हीच होतो.

मी तिच्या नाकाशी ओट धरले. तिने नाइलाजाने मान खाली घातली. मी वाकून तिच्या डोळ्यात पाहिलं. सायीच्या मागे, अंधूक, तिची बाहुली दिसत होती. मेंढीची बाहुली गोल नसते. लांबट असते, आडवी. मान खाली गेली तरी ती तिरकी झाली नाही. डोळा खोबणीत फिरला आणि फट जमिनीशी समांतर राहिली. चरणाऱ्या सगळ्या जनावरांचं असंच असतं, खाली मान घालून खातानाही क्षितिजावर लक्ष ठेवायला. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. मी परीक्षेत लिहिलंही होतं.

"काय झालं, पोरी?" दोन्या एतेल्विनांनी माझा दंड धरला. "बस खाली. पांढरीफटक पडलीस."

५

दुपारी सगळे झोपायला घरी जातात. मी गेले नाही. एक कंट्रोल घेतली आणि थंड खोलीचं जाड दार ओढलं.

आत छताला एक दिवा आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, त्यांवर पेट्या, पेट्यांत काचेच्या बाटल्या, रबरी बुचं लावलेल्या. यंत्राचा घुमणारा आवाज इतका सवयीचा की ऐकूच येत नाही. मी प्लेट दिव्याकडे धरली. डाग बारीक होता, सुईच्या नेढ्यासारखा. मग ती खाली आणून मांडणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यासमोर धरली.

डाग रुंदावला. माझ्या डोळ्यांदेखत, सावकाश, अंधारात बाहुली रुंदावते तसा.

मी स्वतःला सांगितलं, थंडीने जेली आकसते. सांगत असतानाच यंत्र बंद पडलं. ते अधूनमधून आपोआप बंद पडतं, पुन्हा चालू होतं, त्यात विशेष काही नाही. पण ती शांतता माझ्या कानाला नवीन होती. तिच्यात मला काचेचा आवाज ऐकू आला. अगदी हलका. उजव्या मांडणीच्या खालच्या पेटीत बाटल्या एकमेकींना लागल्या. मग शेजारच्या पेटीत. मग तिच्या शेजारच्या. कोणी तरी पेट्यांच्या आतून अंग घासत चाललं असावं तसा तो आवाज पुढे पुढे सरकत होता. आणि माझ्या हातातला डाग त्या आवाजाबरोबर सरकत होता, जराही न चुकता, काठाकाठाने. आवाज डावीकडे गेला. माझ्या बाजूला आला. मग माझ्या मागे.

मी वळले नाही. प्लेट छातीशी धरून उभी राहिले. वळले नाही कारण माझ्या हातातलं ते माझ्या वतीने बघत होतं, आणि मला तेवढंच पुरेसं होतं. भीती होतीच, पण तिच्याही वर काही तरी होतं. मला रडू येत होतं. डोळे गेलेली म्हातारी मेंढी, आणि तिची नजर इथे, आमच्या पहाऱ्यावर. आम्ही तिचं रक्त घेत राहिलो आणि तिने त्यातून हे दिलं.

भिंतीपलीकडून पाय आपटल्याचा आवाज आला. एकदा. मग यंत्र पुन्हा घुमू लागलं, आणि काच गप्प झाली.

बाहेर उन्हात आल्यावर माझ्या लक्षात आलं की आमची चाचणी एकच प्रश्न विचारते, यात जिवंत काही आहे का? उत्तर खरं होतं. जिवंत काहीच नव्हतं.

६

मी सही केली नाही. कारण दिलं तेच, कंट्रोलमध्ये उगवलंय. यामांदूने वाद घातला नाही. त्याच्यासारख्या बोलघेवड्या माणसाने वाद घातला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं. थंड खोलीतल्या पेट्या मोजायला मी परत गेले नाही, जायची हिंमत नव्हती. नंतर त्याचाच फोन आला.

"रागावू नकोस. मी थोड्या बाटल्या आईकडे नेल्या. सगळ्या वासरांना टोचलं."

"यामांदू!"

"आधी ऐक. एकही मेलं नाही. लंगडणारंसुद्धा उभं राहिलं. आई हसतेय, निबिया. ये आणि बघ. मीही टोचून घेतलंय म्हण हवं तर." तो हसला. "वासरू उसळलं आणि सुई माझ्याच अंगठ्यात गेली. थोडी लस आतही गेली."

"धुतलास?"

"धुतला. दरवर्षी एकदा तरी जाते. मला फऱ्या होणार नाही, एवढं नक्की."

मी गेले. दिवस कलायला आला होता, ऊन तिरपं होतं. दोन्या होसेफिना, त्याची आई, फाटकाशी उभी होती. फावडं भिंतीला टेकवलेलं. पण ती हसत नव्हती.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "तू डॉक्टरीण आहेस. गाई दूध देईनात."

"वासरांना?"

"जवळ येऊच देत नाहीत. माझ्या सासूच्या काळापासून गुरं बघतेय मी, असं नाही पाहिलं. वासरं रडतसुद्धा नाहीत गं. भुकेली वासरं, आणि हंबरत नाहीत."

माळावर गाई गोल करून उभ्या होत्या. लांडगा आला की गुरं असं रिंगण करतात, शिंगं बाहेर आणि वासरं आत. पण या रिंगणाच्या आत काहीच नव्हतं. वासरं बाहेर होती. विखुरलेली, स्तब्ध, रिंगणाच्या चारी बाजूंनी. गाईंची शिंगं त्यांच्याकडे रोखलेली. माती उकरल्याचा आवाज सतत येत होता.

एक वासरू कुंपणाजवळ होतं, गुटगुटीत, चकचकीत. मी हाक मारली तेव्हा त्याने मान वळवली. ऊन सरळ त्याच्या डोळ्यात पडलं आणि बाहुली मिटत बारीक झाली. गाईची बाहुलीही आडवीच असते. ही उभी होती. वरपासून खालपर्यंत, एक काळी उभी रेघ. गवत खाणाऱ्या कुठल्याही प्राण्याला तशी रेघ नसते.

मग त्याने पापणी मिटली, मान वळवली, आणि मी म्हटलं, तो भासच असेल. उतरत्या उन्हात काय काय दिसतं. पण मी कुंपणावरचा हात काढून घेतला होता, आणि तो कधी काढला हे मला आठवत नव्हतं.

"आत ये, तोर्ता फ्रिता तळल्यात," दोन्या होसेफिना म्हणाली. "यामांदू झोपलाय. सारखा झोपतो आजकाल."

७

एकही वासरू मेलं नाही, ही बातमी जिल्हाभर झाली. मॅनेजरकडे फोनवर फोन. प्रत्येक शेताला आमचीच लस हवी होती. यामांदूने राजधानीतून तयार प्लेटी मागवल्या, कुठल्या तरी दुसऱ्या, अनोळखी मेंढीच्या रक्ताच्या, यंत्राने भरलेल्या, पिशवीत बंद. "आता तुझ्या बाईसाहेबांची कटकट नको," एवढंच तो म्हणाला.

मी चाचणी लावायला बसले. लसीच्या प्लेटी कोऱ्या राहणार हे मला माहीत होतं. आणि या परक्या कंट्रोलही कोऱ्या राहणार. मग चाचणी खरी ठरेल, आणि माझ्याकडे नाही म्हणायला काही उरणार नाही. कोणाला सांगू? थंड खोलीत बाटल्या वाजल्या म्हणून? वासराची बाहुली उभी होती म्हणून? ज्या बाईने उभ्या जन्मात एक शंका पुराव्याशिवाय मांडली नाही, तिने?

दार लावून घेतलं. कंट्रोलचं झाकण उचललं, हातमोजा काढला, आणि उजवा अंगठा त्या थंड लाल जेलीवर दाबला.

आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. पण अंगावरच्या जंतूंनी कंट्रोल भरेल, चाचणी रद्द होईल. पुन्हा लावतील, मी पुन्हा अंगठा दाबेन. वासरं फऱ्याने मरतील, माझ्यामुळे मरतील, हेही मला ठाऊक होतं. झाकण लावलं आणि हात न धुताच बराच वेळ बसून राहिले.

वाचायच्या सकाळी अंगणात ट्रक येऊन उभे होते. ड्रायव्हर गप्पा मारत होते. मी इन्क्युबेटर उघडला. लसीच्या प्लेटी कोऱ्या. कंट्रोल टेबलावर ठेवली आणि झाकणातून पाहिली.

माझा अंगठा उमटला होता. पांढऱ्या ठिपक्यांच्या रेषा, गोल गोल, जशा हव्या होत्या तशाच, साध्या, रोजच्या जंतूंच्या. आणि त्या रेषांच्या मधोमध, जिथे काहीच उगवलं नव्हतं, रक्त बाजूला झालेलं होतं.

स्वच्छ, आरपार. लांबट नाही. गोल.

मला कोणी काही सांगायची गरज नव्हती. रोज आरशात बघते मी ती बाहुली. मी वाकले. कंट्रोलमधून माझ्याकडे पाहण्यात राग नव्हता, भूक नव्हती. थंड खोलीत छातीशी धरलेलं जे होतं तेच हे, फक्त आता माझ्या घरचं.

"झाली का सही, डॉक्टरीणबाई?"

यामांदू दारात होता. त्याच्या बुटांचा आवाज मला आला नव्हता. डोळ्यांच्या कडेला त्याचे हात दिसत होते. एका हातात येर्बाचा भोपळा, अंगठ्याला अजून पट्टी.

गोल डाग सरकला. थंड खोलीच्या भिंतीकडे नाही. दाराकडच्या काठाला.

"कंट्रोलमध्ये उगवलंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "चाचणी रद्द. सही नाही."

मी वाट बघत होते, तो ओरडेल, आईचं नाव घेईल, वासरांचं नाव घेईल. तो माझा जुना यामांदू असता तर त्याने टेबल उलटं केलं असतं.

"असू दे," तो म्हणाला. "पुन्हा लावू. मला काही घाई नाही."

तो टेबलाला वळसा घालून आला. प्लेटमधला डाग काठाकाठाने त्याच्याबरोबर फिरला आणि तो थांबला तिथे थांबला. मग पसरत गेला, इतका पसरला की अंगठ्याच्या रेषा त्यात बुडाल्या. मागच्या कुंपणातून बाईसाहेबांनी पाय आपटला. पुन्हा आपटला. थांबेना.

"घे," यामांदूने भोपळा माझ्या हनुवटीखाली धरला. "गरम आहे. आणि बोलताना वर बघ की जरा. किती दिवसांत धड बघितलं नाहीस माझ्याकडे."

आमच्या वर्गातला माझा सगळ्यात जुना मित्र. त्याच्या हातचा भोपळा मी कधी नाकारला नव्हता.

मी नजर प्लेटवरून काढली नाही.

"आभार," मी म्हणाले.